महायुद्ध आणि आपले वावर

जगात दोन महायुद्धे झाली. पहिले १९१४ ते १९१८, दुसरे १९३९ ते १९४५. या दोन्ही युद्धांत यवतमाळ जिल्ह्यात एकही तोफगोळा पडला नाही. शत्रूचा शिपाई दारव्ह्याच्या बाजारात दिसला नाही, की पुसदच्या वेशीशी कोणी तळ दिला नाही. तेव्हा "महायुद्धाशी आपला काय संबंध?" असे एखाद्या शेतकऱ्याने विचारले, तर त्याचा प्रश्न रास्तच म्हटला पाहिजे. पण त्याच शेतकऱ्याच्या घरात जरा डोकावून पाहा. फडताळात रेशनचे कार्ड आहे. पडवीत युरियाची गोणी आहे. गोठ्यात खुंटीला फवारणीचा पंप टांगलेला आहे. जखम चिघळली तर दवाखान्यात पेनिसिलिनच्या जातीचे औषध मिळते. या चारही वस्तूंची वंशावळ शोधत गेले तर ती कुठे ना कुठे महायुद्धाला जाऊन मिळते.

शाळेच्या पुस्तकात युद्धाचा धडा तहाच्या कलमांवर संपतो. कोण जिंकले, कोण हरले, कोणाचा मुलूख कोणाकडे गेला, एवढे पाठ केले की परीक्षेपुरते भागते. पण तह झाला म्हणून समाज पूर्वीच्या जागी परत येत नाही. पूर ओसरला की नदी आपल्या पात्रात जाते. वावरात मात्र कुठे गाळ बसलेला असतो, कुठे माती खरवडून गेलेली असते, कुठे धुराच वाहून गेलेला असतो. महायुद्धानंतरचा समाज असाच असतो. गाळ कुठे बसला आणि माती कुठली गेली, हे आज आपण पाहू. आणि तेही शक्यतो आपल्याच मुलखाच्या उदाहरणांनी.

दूरचे युद्ध खेड्यात येते त्याची पहिली वाट म्हणजे मालाचा भाव.

ही वाट वऱ्हाडला महायुद्धांच्या आधीच माहीत झाली होती. १८६१ साली अमेरिकेत उत्तरेची आणि दक्षिणेची राज्ये एकमेकांशी लढू लागली. मँचेस्टरकडच्या गिरण्या दक्षिणेकडील राज्यांच्या कापसावर चालत. तो कापूस बंदरातच अडकला, आणि गिरणीवाल्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभारात आले होते आणि इथली काळी जमीन कापसाची. भाव असे चढले की मुंबईत सट्ट्याला ऊत आला. अमरावतीच्या नावावरून पडलेले 'ऊमरा' हे वऱ्हाडी कापसाचे नाव इंग्लंडच्या बाजारात ओळखीचे झाले. १८६५ साली तिकडचे युद्ध थांबले आणि भाव कोसळले. पण कापसाखाली आलेली जमीन पुष्कळशी कापसाखालीच राहिली. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. खामगाव-अमरावतीकडे जिन-प्रेस उभे राहिले, रॅली आणि व्होलकार्ट यांच्यासारख्या परदेशी पेढ्यांनी खरेदी मांडली. पुढे यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी अरुंद रुळांची गाडी आली तीही मुख्यतः कापूस वाहायला. 'शकुंतला' नावाने आपण जिला ओळखतो तिचे वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरलाच तयार झालेले होते, आणि ते १९९४ पर्यंत धावले.

म्हणजे युद्ध गेले, पऱ्हाटी राहिली. सरकारचा सारा, सावकाराचे व्याज आणि सातासमुद्रापलीकडचा भाव या तिन्ही गोष्टी एकाच पिकाला बांधल्या गेल्या. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ लागोपाठ पडले. १८९१ ते १९०१ या दहा वर्षांत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २९ लाखांवरून साडेसत्तावीस लाखांवर उतरली. पाऊस गेला हे एक कारण झालेच. पण घरच्या कणगीत ज्वारी थोडी आणि विकत घ्यायला गाठीशी पैसा नाही, हे दुसरे कारणही ध्यानात ठेवले पाहिजे.

१९१४ साली तोच खेळ उलट्या बाजूने झाला. आपला आखूड धाग्याचा कापूस जर्मनी, ऑस्ट्रिया, बेल्जियम या देशांत बराच जाई. ऑगस्टात युद्ध सुरू झाले. पहिले दोन देश शत्रू ठरले, तिसरा जर्मनांच्या टाचेखाली गेला, आणि ऐन हंगामाच्या तोंडावर गिऱ्हाईकच नाहीसे झाले. पुढे जहाजे लढाईच्या कामाला लागली. विलायती कापड येईनासे झाले. कापड, मीठ, रॉकेल सारेच महागले. मुंबईच्या गिरण्यांनी त्या वर्षांत चांगला नफा कमावला. कापूस पिकवणाऱ्याला मात्र अंगावरचे धोतर महाग पडले.

युरोपची बाजारपेठ विस्कटल्यावर भिस्त जपानवर आली. जपानच्या गिरण्यांना आखूड धागा चालत असे. १९३४ च्या करारात तर असे ठरले की जपानने वर्षाला १५ लाख गाठी कापूस घ्यावा आणि त्याच्या बदल्यात ४० कोटी वार जपानी कापड इकडे येऊ द्यावे. १९४१ च्या उत्तरार्धात हा व्यापार थांबला आणि डिसेंबरात जपान युद्धात उतरला. वऱ्हाडच्या कापसाचा सर्वात मोठा गिऱ्हाईक पुन्हा एकदा शत्रू झाला. १९४२ साली सरकारने 'अधिक धान्य पिकवा' ही मोहीम काढली: कापूस कमी करा, ज्वारी वाढवा. ज्या राज्यकर्त्यांच्या व्यापाराने दोन पिढ्या कापूस पेरायला लावला, त्यांनीच आता तो उपटा म्हणावे, हे शेतकऱ्याला कसे वाटले असेल याची कल्पना तुम्हीच करा.

दुसरी वाट रोगाची.

१९१८ च्या जूनमध्ये मुंबईच्या गोदीकडे तापाची साथ दिसली. पहिला फेरा सौम्य होता. सप्टेंबरात दुसरा आला तो काळ होऊन आला. सैनिकांची ने-आण करणारी जहाजे आणि आगगाड्या यांच्याबरोबर हा रोग जगभर फिरला. आपल्याकडे त्याला 'मानमोडी' म्हणत. सकाळी ताप, संध्याकाळी ग्लानी, तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिरडी, असे ते दिवस होते. त्याच वर्षी पावसाने दगा दिला होता. धान्य महाग होते आणि अंगात ताकद नव्हती. मध्यप्रांत आणि वऱ्हाड हा देशातल्या सर्वाधिक होरपळलेल्या भागांपैकी एक होता. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानचे सुमारे ७४ हजार सैनिक कामी आले. मानमोडीने मात्र सव्वा कोटी ते दोन कोटी माणसे नेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आजच्या भारताच्या हद्दीपुरते पाहिले तर १९११ साली लोकसंख्या २५ कोटी २१ लाख होती, ती १९२१ साली २५ कोटी १३ लाख भरली. दहा वर्षांत वाढायच्या ऐवजी घटली, असे शिरगणतीच्या इतिहासात त्यानंतर एकदाही झाले नाही. रणांगणावर पडलेल्यांची नावे दिल्लीच्या इंडिया गेटवर कोरलेली आहेत. मानमोडीत गेलेल्यांसाठी कुणी दगड उभा केला नाही. सैनिकाचा मृत्यू सरकारने मोजला, खेड्यातला मृत्यू घराने मोजला, एवढाच त्यातला फरक.

तिसरी वाट पैशाची, आणि ही जरा नीट समजून घ्यायला हवी.

१९३९ साली देशात सुमारे १८० कोटी रुपयांच्या नोटा चलनात होत्या. १९४५ च्या अखेरीस त्या सुमारे १,२०० कोटींच्या घरात गेल्या. असे का झाले? इंग्रज सरकार आपल्याकडून लढाईसाठी धान्य, कापड, तंबू, चामडे, जनावरे असे वाट्टेल ते खरेदी करीत होते. त्याचे पैसे लंडनच्या वहीत हिंदुस्थानच्या नावे जमा होत, आणि इकडे तेवढ्या नोटा छापून माल घेतला जाई. एक छोटा बाजार डोळ्यांपुढे आणा. बाजारात शंभर पायली ज्वारी आहे आणि लोकांच्या खिशात मिळून शंभर रुपये आहेत. आता चाळीस पायली लष्कराने नेली आणि लोकांच्या खिशात आणखी दोनशे रुपये आले. साठ पायली ज्वारीच्या मागे तीनशे रुपये धावू लागले. ज्याच्या हाती नवे रुपये पडले तो सावरला; ज्याची मजुरी जुनीच राहिली त्याची चूल थंडावली. महागाई म्हणतात ती हीच.

याच्या खुणा नाण्यांवरही उमटल्या. चांदीच्या रुपयात बारा भागांत अकरा भाग चांदी असे. १९४० साली ती निम्म्यावर आणली. त्याच साली एक रुपयाची कागदी नोट आली. तांबे युद्धाला हवे, म्हणून १९४३ साली मधोमध भोक असलेला पैसा निघाला. जुन्या घरांत देवघराच्या डब्यात, नाहीतर लहान मुलाच्या करगोट्यात हा भोकाचा पैसा पुष्कळांनी पाहिला असेल. युद्धातल्या काळ्या पैशाला आळा घालायचा म्हणून १२ जानेवारी १९४६ रोजी पाचशे, हजार आणि दहा हजारांच्या नोटा रद्द झाल्या. २०१६ सालची नोटाबंदी पाहिलेल्यांना हे नवलाचे वाटेल, पण तो प्रयोग देशात तेव्हाच एकदा होऊन गेला होता.

मार्च १९४२ मध्ये रंगून पडले आणि ब्रह्मदेशातून येणारा लाखो टन तांदूळ बंद झाला. १९४३ साली बंगालमध्ये दुष्काळ पडला. त्यात सुमारे ३० लाख माणसे मेली. देशात धान्य अगदीच नव्हते असे नाही. पण ते लष्कराकडे, शहराकडे आणि साठेबाजांच्या कोठारांत वळले होते. खेड्यातल्या भूमिहीन मजुराच्या आवाक्यात राहिले नव्हते. त्याच वर्षीच्या मे महिन्यात मुंबईत रेशन सुरू झाले. कापडावर, रॉकेलवर, साखरेवर कंट्रोल आला. 'कंट्रोल', 'रेशन', 'परमिट', 'काळाबाजार' हे शब्द मराठीत घरचे झाले ते या वर्षांत. आजही आपल्याकडची म्हातारी माणसे रेशनच्या दुकानाला 'कंट्रोल'च म्हणतात.

या भाववाढीत सगळेच भरडले गेले असेही नाही. ज्याच्याकडे विकायला धान्य होते त्या बड्या शेतकऱ्याने जुने कर्ज फेडले. अडत्याने माडी चढवली. पण सालदार, मजूर आणि ठरलेल्या पगारावर जगणारा शाळामास्तर यांची दैना झाली. एकाच गावात एकाच युद्धाने कुणाचे घर बांधले आणि कुणाचे मोडले. युद्धानंतरचा समाज पाहताना देशाचे काय झाले एवढेच विचारून भागत नाही. देशातल्या कुणाचे काय झाले, हेही विचारावे लागते.

चौथी वाट माणसांची.

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून सुमारे १३ लाख माणसे बाहेर गेली. त्यांत लढणारे होते तसेच खेचरवाले, भिस्ती, स्वयंपाकी, हमालही होते. दुसऱ्या महायुद्धात फौज २५ लाखांवर गेली. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या एकाच गावचे ४६ जण पहिल्या महायुद्धात पडले. त्या गावाचे नावच पुढे 'अपशिंगे मिलिटरी' झाले. दुसऱ्या युद्धात इटलीत लढताना माणगावकडचे यशवंत घाडगे यांना मरणोत्तर आणि नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव यांना हयातीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आपल्या वऱ्हाडातून भरती पश्चिम महाराष्ट्राइतकी झाली नाही. तरी जो गेला तो परत आला तेव्हा पूर्वीचा उरला नव्हता. त्याने बसरा पाहिला होता, इजिप्त पाहिला होता, गोऱ्या शिपायाला भीतीने पळताना पाहिले होते. साहेब म्हणजे देव नव्हे, हे कळायला त्याला पुस्तक वाचावे लागले नाही.

सामाजिक दृष्टीने सर्वात बोलके उदाहरण महार पलटणीचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी महारांची भरती बंद केली होती. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी केली. गरज सरली आणि १९२१ साली ती मोडून टाकली. दुसऱ्या युद्धात पुन्हा गरज पडली. या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते आणि त्यांनी हा प्रश्न लावून धरला. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली, आणि ती रेजिमेंट आज भारतीय सैन्यात मानाने उभी आहे. युद्धाने दार दोनदा उघडले. पहिल्या खेपेस ते पुन्हा लागले. दुसऱ्या खेपेस ते लागू नये म्हणून पाय रोवून उभा राहणारा माणूस होता. महायुद्ध संधी देते, पण ती टिकवण्याचे काम समाजालाच करावे लागते.

याच्या उलट उदाहरणही सांगितले पाहिजे. खाणीत जमिनीखाली बायकांना राबवू नये अशी बंदी १९३७ पर्यंत पुरती अमलात आली होती. युद्धाला कोळसा हवा म्हणून १९४३ साली ती उठवली. टीका फार झाली आणि १९४६ साली ती पुन्हा घातली. पुरुषांची कामे बायकांच्या हाती आली म्हणजे त्यांची उन्नती झाली, असे युरोपबद्दल पुष्कळदा लिहिले जाते, आणि इंग्लंडात १९१८ साली तीस वर्षांवरील स्त्रियांना मत मिळाले हेही खरे. पण कामाच्या जोडीला हक्क आला तरच ती उन्नती. नुसते काम आले तर ते ओझे.

माणसांचा विषय निघाला तर वणीचे लोकनायक बापूजी अणे यांना विसरून चालणार नाही. टिळकांच्या परंपरेतला हा पुढारी. १० जुलै १९३० रोजी पुसदच्या रानात गवत कापून त्यांनी जंगल-सत्याग्रह केला आणि तुरुंगात गेले. तेच बापूजी १९४१ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. त्यांच्याकडे परदेशांतील हिंदी लोकांचे खाते होते. लगेच पुढच्या वर्षी ब्रह्मदेशातून लाखो हिंदी माणसे जंगल-डोंगर तुडवीत, पायी आसामकडे निघाली. वाटेत हजारो मेली. त्या निर्वासितांचा प्रश्न वणीच्या या माणसाच्या खात्याकडे आला. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी त्यांनी मंडळाचा राजीनामा दिला. सहकार्य करावे की असहकार, आत राहून काही साधते की बाहेर येऊन, हा पेच महायुद्धाने कित्येक प्रामाणिक माणसांपुढे टाकला होता. १६ ऑगस्ट १९४२ रोजी चिमूर आणि आष्टीच्या लोकांनी त्याला आपल्या परीने उत्तर दिले.

१९४५ साली इंग्लंड जिंकले खरे, पण थकून. साम्राज्य राखायला पैसा लागतो, फौज लागते, आणि घरच्या लोकांची इच्छा लागते. पैसा संपला होता. जो हिंदुस्थान इंग्लंडचा देणेकरी होता तोच आता धनको झाला होता. लंडनच्या वहीत आपले एक अब्ज पौंडांहून अधिक येणे निघत होते. फौजेचा भरवसा उरला नव्हता. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत नौसैनिकांनीच बंड केले. आणि इंग्लंडच्या मतदारांनी चर्चिलसाहेबांना घरी बसवून घरे, दवाखाने, नोकऱ्या देणारे सरकार निवडले होते. स्वातंत्र्य आपल्या लोकांनी लढून मिळवले, त्याची तयारी महायुद्धाच्या कितीतरी आधीपासून होती. महायुद्धाने एवढे केले की दार धरून बसलेल्याच्या हातातली ताकद घालवली.

आता पाचवी वाट. ही विद्येची.

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी जर्मनीत हवेतल्या नत्रापासून अमोनिया बनवण्याचा मोठा कारखाना सुरू झाला तो १९१३ साली. पुढच्याच वर्षी युद्ध लागले. त्या नत्रापासून जसे खत होते तसाच स्फोटक दारूगोळाही होतो. समुद्रमार्ग बंद झालेला जर्मनी चार वर्षे लढू शकला, त्यात या कारखान्याचा मोठा वाटा होता. युद्धानंतर तीच विद्या खताकडे वळली. आपल्याकडे बंगालच्या दुष्काळाने सरकारचे डोळे उघडले, खताचा मोठा कारखाना काढायचे ठरले, आणि १९५१ साली सिंदरीला तो सुरू झाला. म्हणून म्हटले, युरियाच्या गोणीची वंशावळ युद्धाला मिळते. पेनिसिलिनचा शोध १९२८ चा, पण ते पिंपाने तयार करण्याची कला दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांसाठी साधली; १९५४ साली आपल्या पिंपरीला त्याचा सरकारी कारखाना निघाला. मलेरियाच्या मोहिमेत घरोघर फवारलेली डीडीटी हीसुद्धा युद्धातच मोठ्या प्रमाणावर वापरात आली.

याच विद्येची दुसरी बाजू मात्र यवतमाळकरांना फार जवळून पाहावी लागली आहे. १९३६ साली जर्मनीत गेरहार्ड श्राडर नावाचा रसायनशास्त्रज्ञ किडीवर औषध शोधत होता. हाती लागले ते माणसालाच काही मिनिटांत मारणारे निघाले. सरकारने ते लष्करासाठी गुप्त ठेवले. टाबून, सारिन ही त्या विषारी वायूंची नावे. त्याच कुळातून शेतीसाठीही औषधे निघाली आणि महायुद्धानंतर ती जगभर पसरली. शास्त्रात या कुळाला ऑर्गॅनोफॉस्फेट म्हणतात. आपल्याकडे विकली गेलेली मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही याच घराण्यातली. किडीच्या शरीरात ती जे करतात तेच माणसाच्या शरीरात करतात: मज्जातंतूंचा निरोप थांबू देत नाहीत. मग लाळ गळते, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, घाम सुटतो, श्वास अडकतो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात डोक्याइतक्या उंच वाढलेल्या पऱ्हाटीत फवारणी करताना शेकडो शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक जण दगावले. तेव्हा फवारलेल्या औषधांत या कुळातली औषधेही होती. रणांगणावरचा सैनिक निदान मुखवटा घालतो. आपला मजूर उघड्या तोंडाने, पाठीला पंप बांधून त्या धुक्यात शिरला.

शिक्षकांनी हे वर्गात जरूर सांगावे. उपाशीपोटी फवारू नये, वाऱ्याच्या उलट दिशेने फवारू नये, दोन औषधे मनाने एकत्र करू नयेत, तोंड-हात झाकावेत, अंगावर औषध सांडले तर लगेच कपडे काढून साबणाने धुवावे. त्रास वाटला तर घरगुती उपाय न करता औषधाचा डबा बरोबर घेऊन दवाखान्यात जावे, कारण डब्यावरच्या नावावरून डॉक्टरांना उतारा ठरवता येतो. या कुळातल्या विषावर ॲट्रोपिन नावाचे औषध दिले जाते, सैनिकालाही आणि शेतकऱ्यालाही तेच.

आता या सगळ्यातून नियम काय निघतो? मला तीन गोष्टी दिसतात.

एक, युद्धात 'तात्पुरते' म्हणून जे येते ते पुष्कळदा मुक्कामाला राहते. युद्धकाळातले कंट्रोल चालू ठेवायला १९४६ साली एक कायदा झाला, त्याच्या नावातच 'तात्पुरते अधिकार' असे शब्द होते. १९५५ साली जीवनावश्यक वस्तूंचा कायमचा कायदा झाला, आणि २०१३ साली अन्नसुरक्षा हा कायद्याने दिलेला हक्क झाला. इथे गाळ चांगला बसला. शहरातल्या कामगाराने गडबड करू नये म्हणून सुरू झालेले रेशन शेवटी खेड्यातल्या गरिबाच्या ताटापर्यंत आले.

दोन, तह कसा होतो यावर पुढच्या पिढीचे नशीब ठरते. १९१९ साली व्हर्सायला जर्मनीवर जबर दंड बसवला. १९२३ साली तिथे नोटांची किंमत कागदाइतकीही राहिली नाही, मंदीत लाखो बेकार झाले, आणि १९३३ साली हिटलर सत्तेवर आला. १९४५ नंतर विजेत्यांनी निदान पश्चिम जर्मनीला आणि जपानला उभे राहायला हात दिला. जपानात तर १९४६ पासून जमीनदारांची जादा जमीन सरकारने घेऊन कुळांना विकली. निम्म्याच्या जवळपास जमीन कुळांकडून कसली जात होती, ती चार-पाच वर्षांत दहाव्या हिश्शावर आली. हरलेल्या देशातला शेतकरी जमिनीचा मालक झाला. हरलेल्याला चिरडले की तो सूड घेतो, आणि उभे केले की तो शेजारी होतो. गावच्या भाऊबंदकीत हे आपण रोज पाहतो. राष्ट्रांचेही तसेच आहे.

तीन, युद्धाचा नफा आणि तोटा एकाच दाराशी येत नाहीत. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज पेटले. त्याच्या पोटात दारूगोळा होता आणि त्याच दारूगोळ्याच्या शेजारी हजारो गाठी कापूस होता. कापूस पेटला, दारूगोळा उडाला, शेकडो माणसे मेली आणि आजूबाजूची वस्ती बेचिराख झाली. १४ एप्रिल हा दिवस आजही देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. कापूस आणि दारूगोळा एका जहाजात भरले म्हणजे काय होते, ते त्या दिवशी मुंबईने पाहिले. वऱ्हाडच्या शेतकऱ्याने ते १८६५, १९१४ आणि १९४१ साली, स्फोटाचा आवाज न ऐकता पाहिले होते.

ही जुनी कहाणी म्हणून बाजूला ठेवू नका. २०२२ साली रशिया आणि युक्रेन यांच्यात युद्ध पेटले, तेव्हा सूर्यफुलाच्या तेलाचा डबा आणि खताची किंमत आपल्याकडेही हलली. तेव्हा परदेशात युद्धाची बातमी आली की तीन प्रश्न विचारायची सवय लावून घ्यावी. आपण काय विकतो, ते कोण घेतो? आपण काय विकत घेतो, ते कुठून येते? आणि सरकार जो नवा नियम तात्पुरता म्हणून आणते आहे, तो राहिला तर कुणाच्या कामी येईल?

शिक्षकबंधूंना शेवटी एक सुचवावेसे वाटते. यवतमाळ जिल्ह्यात महायुद्धाचे स्मारक शोधायला लांब जाऊ नका. विद्यार्थ्यांना सांगा, घरातला भोकाचा पैसा आणा, आजोबांच्या ट्रंकेतले जुने रेशनकार्ड आणा, 'मानमोडी' आणि 'कंट्रोल' या शब्दांबद्दल घरातल्या सर्वात म्हाताऱ्या माणसाला विचारून या, बंद पडलेल्या जिनाची चिमणी पाहून या. मग नकाशावर मँचेस्टर, ओसाका, रंगून आणि बसरा दाखवा आणि त्या गावांपासून आपल्या गावापर्यंत दोरा ओढा. मुलांना महायुद्धाचा धडा वेगळा शिकवावा लागणार नाही. आणि तो दोरा कापसाचाच असू द्या.